गावासाठी पाणी शुद्धीकरण: आरओ की बायोसँड?

तिसरंवर्ष_स्थापत्य: आम्ही काही विद्यार्थी एका छोट्या गावासाठी पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प करतोय. एक विहीर, एक हातपंप. पावसाळ्यात विहीर गढूळ होते आणि घरोघरी जुलाब सुरू होतात. गटात दोन तट पडलेत: आरओ (दाबाने पाणी बारीक पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, गाळणारं विजेचं यंत्र) आणि बायोसँड (वाळूचा फिल्टर, ज्यात वाळूवर वाढलेला सूक्ष्मजीवांचा थर जंतू कमी करतो). जाणकारांनी सांगावं.

जुनाझरा: पाण्यात काय आहे ते कळल्याशिवाय फिल्टर कसला निवडताय? विहीर आणि हातपंप दोन्हींचे नमुने वेगवेगळे तपासा. जंतूंसाठी एच-टू-एस कुपी (पाणी भरून ठेवायची तयार चाचणी-बाटली) पुरते: पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते विष्ठेने दूषित असण्याची दाट शक्यता. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट मात्र प्रयोगशाळेतच कळतं. बांगलादेशात जुलाब-कॉलरा टळावा म्हणून लोकांना तळ्यांवरून कूपनलिकांकडे वळवलं आणि १९९३ मध्ये तिथल्याच पाण्यात आर्सेनिक सापडलं. ते उकळूनही जात नाही.

वाळूवाला: नुसते जंतू आणि गढूळपणा असेल तर माझं मत बायोसँडला. वीज नको, मेंब्रेन नको. बाहेर येणाऱ्या नळीचं तोंड अशा उंचीला ठेवा की वाळूवर सुमारे ५ सेंमी पाणी कायम उभं राहील. त्या नळीला तोटी बसवू नका! सगळे हौसेने बसवतात. तोटी बंद राहिली की पाणी वर चढतं, वाळूवरच्या त्या सूक्ष्मजीवांच्या थराला ऑक्सिजन पुरत नाही. हा थर धरायला तीन-चार आठवडे लागतात. फ्लोराइड याने निघत नाही, आणि गाळलेल्या पाण्यातही क्लोरीन घालावंच.

तिसरंवर्ष_स्थापत्य: विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतातच की.

जुनाझरा: कशी टाकतात ते बघून या. बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची. अर्ध्या तासाने मोकळा क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिग्रॅ उरला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर बराचसा क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. पोतं उघडं राहिलं तर पावडरही मवाळते.

कठडा: आधी विहिरीभोवती फिरून या. कठडा आहे का, ओटा फुटलाय का, सांडपाणी कुठे मुरतं, शौचखड्डा चढावर तर नाही ना? निम्मं दुखणं तिथेच असतं. आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी बोला, नुसत्या बैठकीतल्या पुरुषांशी नको. तुमची परीक्षा आली की पावडर कोण टाकणार, हे नाव ठरल्याशिवाय सिमेंटचं पोतं उघडू नका. फलकापुढे फोटो काढून पसार झालेले गट पुष्कळ पाहिलेत.

वाळूवाला: +१. आरओ क्षार किंवा फ्लोराइड जास्त निघालं तरच. बरंचसं पाणी वाया जातं, ते सोडणार कुठे हेही बघा.

तिसरंवर्ष_स्थापत्य: ठीक, आधी तपासणी. हातपंपाचा नमुना कसा घ्यायचा?

जुनाझरा: काही मिनिटं हापसून पाणी जाऊ द्या, मग घ्या. जंतूंसाठी बाटली निर्जंतुक हवी, झाकणाला आतून बोट लागता कामा नये. बर्फाच्या डब्यातून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. शनिवारी घेऊ नका, रविवारी तिथे कुलूप असतं.