क्लाइस्टचा ‘फुटका घडा’ वायमारात पडला तो गटेमुळेच

प्रॉम्प्टर:
जर्मन नाटककार हाइनरिश फॉन क्लाइस्टचं ‘फुटका घडा’ हे एकअंकी विनोदी नाटक २ मार्च १८०८ ला जर्मनीतल्या वायमारच्या दरबारी रंगभूमीवर आलं आणि सपशेल आपटलं. हॉलंडमधल्या एका खेड्यात न्यायाधीश अ‍ॅडम फुटलेल्या घड्याचा खटला चालवतोय आणि घडा फोडणारा तो स्वतःच! डोक्याला खोक पडलेली, विग गायब. गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला लगेच कळतं. मजा आहे ती त्याची उडवाउडवी बघण्यात. हे एका दमातच खेळायला हवं. शाकुंतल वाचून हरखलेल्या, त्या नाट्यगृहाचा प्रमुख असलेल्या गटेने मात्र याचे तीन अंक पाडले, वर त्याच संध्याकाळी आधी एक ऑपेराही ठेवला. प्रयोग असो की भाषांतर, या नाटकाच्या रचनेला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत.

तिसरी घंटा:
असहमत. खुद्द क्लाइस्टनेच कात्री लावली की! १८११ च्या पुस्तकात त्याने शेवट छाटला आणि मूळचा लांबलचक शेवट मागे पुरवणीत टाकला. १८२० ला हॅम्बुर्गमध्ये श्मिट या दिग्दर्शकाने रंगावृत्ती केली, तेव्हा कुठे नाटक चाललं. गटेच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे हो, पण जवळजवळ दोन हजार ओळींचं पद्य प्रेक्षकाने किती सोसायचं?

प्रॉम्प्टर:
छाटलं ते आपटल्यावर. आणि त्यात कुणाचं तोंड बंद झालं? ईव्हचं, जिच्या खोलीत घडा फुटला त्या मुलीचं. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला ईस्ट इंडीजला धाडतील अशी थाप मारून अ‍ॅडम तिच्या खोलीत शिरतो. ती गप्प का राहिली हे मूळ शेवटात ती सविस्तर सांगते. छापील शेवटात सगळं घाईघाईत उरकलंय.

सांगलीकर:
शेवटाचं राहू द्या, मला गाव बदलणं खटकतं. आयरिश लेखक जॉन बॅनव्हिलने १९९४ मध्ये हे नाटक आयर्लंडच्या दुष्काळात नेलं, इंग्रज कवी ब्लेक मॉरिसनने इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या स्किप्टनमध्ये. मूळ नाटकात ईव्हची आई, फिर्यादी मार्था भर कोर्टात घड्यावरचं चित्र सांगत बसते: सम्राट पाचवा चार्ल्स आपल्या मुलाला, फिलिपला, नेदरलँड्स सोपवतोय. आता गुडघे टेकलेल्या फिलिपचं फक्त ढुंगण शिल्लक, आणि त्यालाही टवका! हा डच चिमटा यॉर्कशरात कुठून आणणार?

तिसरी घंटा:
वायमारचा प्रेक्षक तरी कुठे डच होता? आपल्याकडे खानोलकरांनी जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलंच ना? लाचखाऊ न्यायाधीश मराठीत छान बसला.

प्रॉम्प्टर:
तुलना गैरलागू. ब्रेख्तचा न्यायाधीश अझ्दाक लाच खाऊनही गरिबाचं भलं करतो. अ‍ॅडम फक्त स्वतःची कातडी वाचवतो. त्याला मराठीत आणायचं तर खुशाल आणा, पण सलग. मध्यंतर नको.

सांगलीकर:
मध्यंतर काढलंत तर कॅन्टीनवाला बटाटेवड्यांच्या नुकसानभरपाईचा खटला भरेल. तो कुणासमोर चालवायचा?