मोबाईलवर पावलं मोजून तब्येत सुधारते का नुसतं डोकं फिरतं?

पायमोकळा:
काल रात्री पावणेबारा वाजता मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो, हातात मोबाईल, आकडा ९,६१२. बायको दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, फक्त लाईट लावला. त्या उजेडात मला माझीच कीव आली, म्हणून हा धागा.

दोन वर्षं झाली पावलं मोजतोय. आधी रोज संध्याकाळी एका मित्राबरोबर फिरायला जायचो, अर्धा वेळ चालणं अर्धा वेळ बाकावर बसून गप्पा. आता तो बाकावर बसला की मी त्याच्याभोवती चकरा मारतो. खोटं वाटेल पण खरंच मारतो. आणि ज्या दहा हजारासाठी हे सगळं, तो आकडा आला कुठून? १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर व्यायामाची हवा होती, तेव्हा १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र काढलं, नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. म्हणजे विकायच्या वस्तूचं नाव आपण डॉक्टरांचा सल्ला समजून बसलो. माझं मत, हे मोजणं बंद करावं. असहमत असाल तर बिनधास्त लिहा.

अर्धी_गोळी:
साफ असहमत. दहा हजार हा जाहिरातीचा आकडा, मान्य. मग आकडा बदला ना, मोजणं का सोडताय?

माझी गोष्ट सांगते. शुगर काठावर आली होती आणि डॉक्टरांना मी ठणकावून सांगितलं की मी दिवसभर पळतच असते हो. त्यांनी शांतपणे विचारलं, मोबाईलमध्ये बघितलंय का कधी? बघितलं तर आठवड्याची सरासरी २,३०० निघाली. दमणं आणि चालणं यात फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं, दमत होते ते मीटिंगांनी. आकडा नसता तर मी आजही पळतेच आहे असं सांगत फिरले असते.

आणि अभ्यास म्हणाल तर २०१९ साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जवळपास १७ हजार वयस्कर बायकांची पावलं मोजली, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलांवाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि पुढे साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. हे कळलं कशामुळे, तर मोजल्यामुळेच. तुमच्या चकरांचा दोष मोबाईलच्या माथी मारू नका.

ओसरी:
मोजा हो, पण कुणाचं मोजताय ते तरी बघा.

आमच्या सासूबाईंना मुलाने हौसेने फोन घेऊन दिला आणि ॲप चालू करून दिलं. संध्याकाळी हा घरी येऊन बघतो तर ३४०. "आई, दिवसभर नुसती बसून होतीस का?" त्या बिचाऱ्या पहाटेपासून झाडणं पुसणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं, तीनदा जिना चढउतार, आणि फोन सगळा वेळ फडताळावर चार्जिंगला. फोन ठेवणार कुठे? बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवसापासून त्या फोन रुमालात गुंडाळून कमरेला खोचतात. तब्येतीसाठी नाही, मुलाने पुन्हा विचारू नये म्हणून. मला ते बघून हसूही येतं आणि रागही.

अर्धवट_अभियंता:
थोडी यंत्राची बाजू. फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो, तिन्ही दिशांचे धक्के मोजणारा. चालताना धक्क्यांचा एक ठराविक ताल येतो, सॉफ्टवेअर तो ताल ओळखतं आणि शिखरं मोजतं. सलग काही पावलं पडल्याशिवाय बरेचदा मोजणी सुरूच होत नाही, त्यामुळे ओट्यापासून कपाटापर्यंत तीन पावलं, परत दोन, हे घरकामातलं चालणं गळून जातं. म्हणजे फोन कमरेला खोचला तरी ओसरी ताईंच्या सासूबाईंवर थोडा अन्याय होणारच. मनगटावरच्या घड्याळाची वेगळी तऱ्हा, हातात ढकलगाडी धरली की हात हलत नाही आणि पावलं गायब.

पण फोन चुकला तरी रोज साधारण एकाच पद्धतीने चुकतो. म्हणून आजचा आकडा सोडा, या महिन्याची सरासरी मागच्या महिन्याशी ताडून बघा, ते कामाचं. कॅलरीच्या आकड्यावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. २०१७ साली स्टॅनफर्डने मनगटावरची सात उपकरणं तपासली, हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले पण कॅलरीत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. लोक त्या आकड्यावर जेवण ठरवतात, कमाल आहे.

पायमोकळा:
@अर्धी_गोळी, तुमचं पटतंय, पण तुम्हाला आकड्याने जागं केलं आणि मला झोपू दिलं नाही. २०१६ साली ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एटकिन यांनी प्रयोग केले होते, चालणं, वाचणं, चित्र रंगवणं असल्या गोष्टी मोजायला दिल्या की लोक जास्त करतात पण त्यातली मजा कमी होते, आणि मोजणी काढून घेतली की पुढे करायची इच्छाही घटते. माझं हेच झालंय. चार्ज संपला म्हणून फोन घरी राहिला तर मी फिरायलाच गेलो नाही, म्हटलं मोजलं जाणार नाही तर उपयोग काय! हे वाक्य मी खरंच मनात म्हटलंय.

अर्धी_गोळी:
मजा? मला शुगर कमी करायची होती, मजा नाही :)

कुलूपकिल्ली:
तुम्ही सगळे पावलांत अडकलात. ही माहिती जाते कुठे हे कुणी विचारलं का? स्ट्राव्हा या धावणं-सायकलिंग नोंदवणाऱ्या ॲपने लोकांच्या धावण्याच्या वाटांचा जागतिक नकाशा काढला होता, जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड भागात उजळलेल्या रेषा म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत. त्याच वर्षी मायफिटनेसपाल या खाणं-व्यायाम नोंदवायच्या ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. पावलं मोजायला ॲपला लोकेशन लागत नाही, कॉन्टॅक्ट तर नाहीच नाही. तरी परवानगी मागतात आणि आपण ओके ओके दाबत जातो.

अर्धवट_अभियंता:
+१. फोनमध्ये मुळातच मोजणी असते, २०१३ पासून आयफोन ५एस मध्ये आणि अँड्रॉइड ४.४ मध्येही तशी सोय आली, वेगळं ॲप टाकायची बहुतेकांना गरज नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन नको त्या परवानग्या काढून टाका, पाच मिनिटांचं काम.

कुबडी:
उशिरा लिहितोय. माझा प्रकार तुमच्या सगळ्यांच्या उलटा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि बरं वाटलं की मी उत्साहात जास्त चालायचो, रात्री गुडघा भोपळ्याएवढा. शेवटी फिजिओ वैतागल्या, म्हणाल्या फोन खिशात ठेवा आणि दीड हजाराच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. दर आठवड्याला थोडं वाढवत नेलं. म्हणजे लोक आकडा गाठायला धडपडतात, मी ओलांडू नये म्हणून बसून राहायचो, १,४८० झाले की फोन बघत जिथे असेन तिथे खुर्ची शोधायची. एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या पायरीवरच बसलो, फोटोग्राफर ओरडत होता. पण गुडघा सुजायचा थांबला. तेव्हा सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

ओसरी:
कुबडी, फोटो असेल तर टाका :D

पायमोकळा:
कुबडी साहेब, हे मला सुचलंच नव्हतं. सरसकट बंद करा हा शब्द मागे घेतो, माझ्यापुरतं मात्र बंद. होम स्क्रीनवरून आकडा काढलाय आणि रात्री नऊनंतर चालायचं नाही असं बायकोने जाहीर केलंय.

काल मित्राबरोबर बाकावर बसलो, पूर्ण अर्धा तास. त्याला हा धागा दाखवला. तो म्हणाला, दोन वर्षं तू माझ्याभोवती फिरत होतास, मान दुखायला लागली होती माझी, पण तुला डॉक्टरने सांगितलं असेल म्हणून गप्प होतो.

अर्धी_गोळी:
मित्र सोन्यासारखा आहे. मी मात्र मोजणार. आज ६,८४०.