विषय : नोव्हेंबरअखेरची डोंगरवाट – गाविलगड की नरनाळा?

आदरणीय गुरुजी आणि मंडळाचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्यापैकी काही कुटुंबे अंजनगाव-परतवाडा भागातील आपापल्या गावी एकाच वेळी येत आहेत, आणि त्यातला एक दिवस डोंगरात पायी हिंडण्यासाठी राखून ठेवावा असा विचार आहे. सोबत शाळकरी मुले आणि साठी ओलांडलेली मंडळी असतील. सर्वांना चालण्याची सवय आहे, मात्र हात टेकत कडा चढण्याची नाही. माझ्या मनात नरनाळा आहे, कारण पायथ्याच्या शहानूर गावातून थेट वर जाता येते आणि महाकाली दरवाजा पाहण्याची इच्छा आहे. इतरांचा कल गाविलगडाकडे दिसतो. आपण तिथेच राहता, म्हणून आपले मत कळवावे.

आपली,
मंडळाची एक सभासद

—

सौ. ताईंस सप्रेम नमस्कार.

दोन्ही गड एकाच डोंगररांगेत असले, तरी चालणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत बराच फरक आहे. नरनाळ्याला पायी जायचे तर पायथ्यापासून चढावे लागते. शिवाय गड अभयारण्यात असल्याने वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत जाणे आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडणे भाग असते. गाविलगडाला मात्र गाडी परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याच्या पठारावर आपल्याला आधीच पोहोचवते आणि तिथून गड अगदी जवळ आहे. त्यामुळे पायांचे बळ गडाच्या आत, दिल्ली दरवाजापासून तलावांपर्यंत आणि पुढे तटाच्या कडेने, खर्च करता येते. ज्याला थकवा येईल त्याने तलावाकाठी बसून राहावे, एवढी सोय नरनाळ्याच्या चढावर नाही.

या दिवसांत आमच्याकडे चढापेक्षा गवताची धास्ती अधिक असते. पावसाळ्यात माजलेले गवत नोव्हेंबरात अजून उभेच असते, आणि ते वाळून आडवे होईपर्यंत मळलेली वाटसुद्धा दिसेनाशी होते. सकाळी त्यावर दव असते, दगडी पायऱ्यांवर शेवाळ टिकून असते, आणि ऊन तापले की कुसळे मोज्यांतून थेट कातडीला लागतात. गवताआड अस्वल असण्याचाही संभव असतो, म्हणून मुलांना पुढे धावू देऊ नये. दव ओसरल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास चालायला लागावे आणि दुपारी दोन वाजता जिथे असाल तिथून परत फिरावे. सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो आणि पठारावर गारठा लगेच उतरतो.

याच हंगामात, १८०३ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी गाविलगड घेतला होता. दक्षिणेची बाजू अवघड असल्यामुळे इंग्रज सेनानी वेलस्ली तिकडे केवळ हूल देत राहिला. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या फौजेने मात्र डोंगरांतून तोफा ओढत नेऊन उत्तरेकडच्या तटाला खिंडार पाडले. १५ डिसेंबरला गड पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. तोफा ओढणाऱ्यांनी निवडलेली उत्तरेची, म्हणजे पठाराकडची बाजू आपल्या ज्येष्ठांनाही मानवेल, असे मला वाटते.

आपला,
गुरुजी

—

आदरणीय गुरुजी,

गाविलगड सर्वांना मान्य आहे. मात्र थोरल्या मुलांना चढ हवाच आहे. पायथ्यापासून दक्षिणेकडून गडावर जाणारी जुनी वाट त्यांना धरता येईल का?

—

ताई,

या महिन्यात तरी नको. ती बाजू रानातून जाते, तिथे ये-जा नसल्याने गवत कोणी तुडवलेले नसते, आणि मुले चुकली तर वरून हाकही पोहोचायची नाही. चढाची हौस असेल, तर थोरल्यांनी एखाद्या मोठ्या माणसासह दुसऱ्या दिवशी नरनाळ्याला जावे. तिथे निदान जाणाऱ्याची नाक्यावर नोंद होते. सर्वांनी पायघोळ, जाड कापडाची विजार घालावी. आणि तारीख ठरताच मला कळवावे, कारण वरच्या गावांतली बरीच माणसे सध्या कापूस वेचणीसाठी खाली मैदानात उतरलेली असतात. वाट माहीत असलेला माणूस आगाऊ सांगून ठेवला नाही, तर ऐनवेळी मिळत नाही.

गुरुजी