गिरण्यांपलीकडचं सोलापूर

गिरण्या बंद पडल्या आणि सोलापूर संपलं, असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं वाटतं. पुरुषांची नोकरी गेली तेव्हा शहराच्या पूर्वभागातली कितीतरी घरं बायकांच्या विड्यांवर उभी राहिली. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, हजार विड्या होईतो मान वर नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने त्यांना कामगार म्हणून हक्क दिले. पण ते पदरात पडायला मोर्चेच काढावे लागले. सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ साली उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची, याच लढ्यातून आली. आमच्या शेजारच्या अक्का तिकडे राहायला गेल्या. पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कुलूप लावताना त्या रडल्या होत्या. विकासाच्या हिशेबात हेही धरा ना!