डोंगरात ३००-४०० मीटरवर नेम: गोव्यात राहून सराव कसा करावा?

वाळपईकर
मे महिन्यात भावाकडे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला जाणार आहे. दक्षिण आल्प्समध्ये थारच्या (डोंगरी रानबोकडाच्या) शिकारीचा बेत आहे. रायफल भावाची: .३०८, बोल्टची, दुर्बिणीवर नेम सरकवायला ०.१ मिलचे क्लिक (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). माझा अनुभव १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२ एवढाच. हातात चार महिने आहेत. चोर्ला किंवा सुर्ल्याच्या बाजूला डोंगरात जाऊन काही सराव करता येईल का? आणि चढ-उतारावर नेमका किती फरक पडतो?

काजूबाग
चोर्ला डोक्यातून काढून टाका. त्या पट्ट्यात म्हादई अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन नुसतं शिरणंही गुन्हा आहे. शेतीरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक नेमबाजीसाठी डोंगरात नेता येत नाही. एअर रायफल ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर तिला परवाना लागत नाही, पण म्हणून ती घेऊन रानात फिरायची मोकळीक मिळत नाही. सराव रेंजवर किंवा घराच्या चार भिंतींत करा.

तिकडे स्वतःचा परवाना नसला तरी परवानाधारक अगदी शेजारी राहून देखरेख करत असेल तर रायफल चालवता येते. सरकारी राखीव जमिनीवर शिकारीचा परमिट मात्र वेगळा लागतो, तो भावाकडून आधीच काढून ठेवा. थार मूळचा हिमालयातला. १९०४ मध्ये तिकडे नेऊन सोडला, आता तिथे उपद्रवी ठरलाय आणि इकडे संरक्षित आहे. नशीब एकेकाचं.

नळी_आणि_वारा
वाळपईकरबाब, आधी कोनाचं बघू. वर मारा किंवा खाली मारा, गोळी दोन्हीकडे नेमाच्या वरच लागते, कारण गुरुत्वाकर्षण फक्त आडव्या अंतरावर पुरतं काम करतं. दुर्बिणीतून मोजलेलं तिरकं अंतर कोनाच्या कोसाइनने गुणा: २० अंशाला ०.९४, ३० ला ०.८७, ४५ ला ०.७१.

.३०८ ची १६८ ग्रेन गोळी, वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास, झिरो (जिथे नेम तिथेच गोळी, ते अंतर) १०० मीटरवर, असं धरू. ४०० मीटरला साधारण २.५ मिल वर घ्यावे लागतात. तेच ४०० मीटर ३० अंशाच्या चढावर असतील तर आडवं अंतर ३४६ मीटर, म्हणजे २ मिल. कोन विसरलात तर अर्धा मिल, म्हणजे ४०० मीटरवर २० सेंमी वर. गोळी पाठीवरून निघून जाते. दोनशेच्या आत फरक इतका किरकोळ की कोनाचा विचारही करू नका. हे आकडे अंदाजाचे आहेत, खरे आकडे भावाच्या काडतुसाने तिथेच कागदावर काढा.

वाऱ्याला मात्र हा कोसाइन लावू नका, तो पूर्ण तिरक्या अंतरावर ढकलतो. ताशी १६ किमीचा आडवा वारा ही गोळी ३०० मीटरला सुमारे २० सेंमी हलवतो, ४०० ला जवळजवळ दुप्पट. उन्हं चढली की वारा दरीतून वर चढतो, संध्याकाळी थंडावलं की उलटा खाली उतरतो. तुमच्या पायाशी गवत स्थिर आणि मधल्या घळीत जोरदार वारा, हे नेहमीचंच. म्हणून दुर्बीण लक्ष्याच्या थोडं अलीकडे फोकस करून मधलं गवत बघायची सवय लावा.

दस्ता_खांद्याला
सगळे आकड्यांत पडतात आणि रायफल तिरकी धरतात. उतारावर जमीनच तिरपी असते, डोळा तीच सपाट मानतो. ५ अंश कलली तर ४०० मीटरवर गोळी १२ सेंमी बाजूला. दुर्बिणीवर छोटी पाणपातळी बसवा, आणि घोडा दाबण्याआधी शेवटची नजर तिच्यावर.

सरावाचं माप असं: ४०० मीटरवर २० सेंमीचं लक्ष्य म्हणजे अर्धा मिल. तोच कोन ५० मीटरवर २.५ सेंमी, म्हणजे जुन्या रुपयाएवढं वर्तुळ. १० मीटरवर ५ मिमी, मटकीचा दाणा. तर .२२ घ्या, पाठपिशवी टेकू म्हणून ठेवा (टेकू लाकडाखाली, नळीखाली कधीच नको), मागे दस्त्याखाली तांदूळ भरलेला मोजा. दोन-तीन जिने पळत चढून या, दीड मिनिटात बसा, एकच गोळी मारा. मग उठा आणि पुन्हा पहिल्यापासून. ओळीने दहा मारलेल्या गोळ्यांचा गट बघून खूश होऊ नका, डोंगरात पहिलीच गोळी मोजायची असते, तीही थंड नळीतून.

.२२ ला ५० मीटरवर ताशी १६ किमीचा वारा ३ सेंमीच्या आसपास हलवतो, तेव्हा वारा वाचायला तीच स्वस्त गुरू. घरी रिकामा घोडा दाबणार असाल तर .२२ मध्ये नकली काडतूस घाला, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आपटून बोथट होते.

काजूबाग
एक राहिलं, धक्का. .२२ ते शिकवत नाही. तिकडे पहिल्या दिवशी भावाला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन नकली मिसळून भरायला सांगा, तुम्ही बघू नका. नकलीवर नळीचं टोक खाली झुकलं तर तुम्ही धक्क्याला घाबरून आधीच दचकताय. पाच-दहा गोळ्यांवर थांबा, दुखऱ्या खांद्याने वाईट सवयच लागते.

चढावर वर नेम धरताना डोकं आपोआप पुढे सरकतं आणि दुर्बिणीची कड भुवईवर बसते. डोळा आठ-नऊ सेंमी मागेच हवा.

पणजी_७७
हे सगळं ठीक, पण २५ पटीची दुर्बीण लावली तर ६०० मीटरसुद्धा सहज जमतं असं बघितलंय.

नळी_आणि_वारा
कागदावर जमतं. ६०० मीटरला गोळी पोचायला जवळजवळ सेकंद लागतो, तेवढ्यात जनावर पाऊल टाकतं. वेग इतका उतरतो की शिकारी गोळी नीट फुलतही नाही. जखमी थार कड्याच्या खालच्या कपारीत गेला तर शोधायला दिवस जातो. आणि २५ पटीत धाप लागलेल्या माणसाला लक्ष्य सापडतच नाही, १० पट पुष्कळ.

वाळपईकरबाब, तुमची मर्यादा अशी ठरवा: वेगवेगळ्या पाच दिवशी, दम लागलेल्या अवस्थेत, पाठपिशवीवरून, थंड नळीची पहिली गोळी २० सेंमीच्या पत्र्यावर. पाचही ज्या अंतरावर लागल्या ते तुमचं अंतर. तिथे २५० आलं तर २५०.

वाळपईकर
देव बरे करो सगळ्यांचं. पाणपातळी मागवतो, तांदळाचा मोजा आजच शिवतो. क्राइस्टचर्चला आधी किती दिवस रेंजला राखून ठेवू?

दस्ता_खांद्याला
निदान तीन. पहिला झिरो आणि धक्क्यासाठी, दुसरा २००-३०० चे क्लिक वहीत उतरवायला, तिसरा वाऱ्याचा. शिकारीला जी पेटी नेणार त्याच पेटीतल्या काडतुसांनी, आणि पहाटेच्या थंडीत. गारठ्यात काडतुसातल्या काही दारूंचा वेग उतरतो, दुपारच्या उन्हात काढलेला आकडा मग खाली लागतो.