परदेशात पैसे: एटीएमवर कोणतं बटण दाबायचं, रोकड किती न्यायची?

नवा_पासपोर्ट
तीन आठवडे, तीन देश, दोन चलनं. जवळ एक डेबिट कार्ड, एक क्रेडिट कार्ड. रोकड किती न्यावी? एटीएमला कोणतं कार्ड वापरावं? आणि रक्कम तिथल्या चलनात हवी की कार्डाच्या चलनात, असं मशीनने विचारलं तर काय निवडायचं?

हिशेबी
शेवटचा प्रश्न सगळ्यांत महाग पडतो, म्हणून तो आधी. कायम तिथलंच चलन निवडा. कार्डाचं चलन निवडलं की दर व्हिसा-मास्टरकार्डचा लागत नाही. तो मशीनवाली कंपनी किंवा तिची बँक ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. समजा २०० युरोंवर ६ टक्के चढवले, तर १२ युरो तिथेच गेले. पावती न मागताच.

स्क्रीन मुद्दाम गोंधळात टाकणारी असते. एकीकडे ठळक ‘हमी दर स्वीकारा’, दुसरीकडे बारीक अक्षरांत ‘रूपांतराशिवाय पुढे जा’. दुसरं दाबलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. तो होत नाही, पैसे येतात. दुकानातल्या मशीनवरही हाच खेळ चालतो. पिन टाकण्याआधी रकमेशेजारचं चलन वाचा. चुकीचं दिसलं तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा. नंतर तक्रार करून सहसा काही हाती लागत नाही, कारण कागदोपत्री संमती तुम्हीच दिलेली असते.

दोन_पाकिटं
एटीएमला डेबिट. क्रेडिट कार्डावर रोकड काढली की बहुतेक बँका त्याच दिवसापासून व्याज लावतात, बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी सवलत मिळत नाही. वर रोकडीचं शुल्क वेगळं.

थोडे थोडे पैसे काढू नका. दर खेपेला ५ युरो ठरलेलं शुल्क असेल, तर ५० काढल्यावर ते १० टक्के होतं आणि ३०० काढल्यावर पावणेदोन टक्क्यांच्याही आत येतं.

सोबत दोन-तीन दिवसांपुरती रोकड पुरे. डॉलर नेणार असाल तर नोटा स्वच्छ घ्या: घडी, शिक्का, पेनाची खूण नको. १०० ची नोट २०१३ पासूनची, निळ्या पट्टीची घ्या. जुन्या नोटा अमेरिकेत चलनात आहेतच, पण इतर देशांत चलन बदलून देणारे अनेकदा त्या नाकारतात किंवा कमी दर देतात. ५०० युरोची नोट तर घेऊच नका. ती नव्याने चलनात आणणं २०१९ मध्येच थांबलं आणि दुकानदार तिला हात लावत नाहीत.

आणि दोन्ही कार्डं एका पाकिटात ठेवू नका. हा सल्ला फुकटचा आहे, तरी कुणी पाळत नाही.

नवा_पासपोर्ट
हॉटेलला मग डेबिट चालेल?

हिशेबी
चालेल, पण देऊ नका. हॉटेल आणि भाड्याची गाडी देणारे अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिटवर फक्त मर्यादा कमी होते. डेबिटवर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि हॉटेलने सोडल्यावरही मोकळे व्हायला काही दिवस जातात. खोली सोडताना बिल दुसऱ्या कार्डाने किंवा रोख भरलं, तर अनामतही अडकलेली आणि बिलही भरलेलं, अशी दुहेरी कोंडी होते. म्हणून त्याच कार्डावर, त्याच अनामतीतून बिल वळतं करायला सांगा.

टाळेबंद
निघण्याआधीची दोन कामं राहिली. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू आहे का ते पाहा; एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांचे खटके अनेकदा वेगवेगळे असतात. एकच चालू केला आणि मशीनने कार्ड परत फेकलं, हे नेहमीचंच. दुसरं म्हणजे ओटीपी. तिथलं सिम घालून आपलं काढून ठेवलं की ओटीपी येणार कुठे? दोन सिमचा फोन असेल तर आपलं सिम रोमिंगवर, फक्त एसएमएसपुरतं चालू ठेवा. डेटा मात्र त्यावरचा बंद.