पीएचडी पूर्ण होण्याआधी जर्नलचे परीक्षक व्हावे का?

धागाकर्ती : एका जर्नलने परीक्षणासाठी पाठवलेला शोधनिबंध माझ्या मार्गदर्शकांनी माझ्याकडे सोपवला, अभिप्राय मी लिहायचा आणि तो त्यांच्या नावाने जायचा, असे ठरले. पद्धतीच्या भागात ४८ नमुने घेतल्याचा उल्लेख होता, पण तिसऱ्या तक्त्याची बेरीज ४६ येत होती आणि उरलेल्या दोन नमुन्यांचे काय झाले याबद्दल लेखकांनी अवाक्षरही काढले नव्हते. तो अभिप्राय लिहिताना मी जे शिकले, ते वर्गात बसून शिकता आले नसते. म्हणून माझे मत असे, की संशोधक विद्यार्थ्यांनी हे काम जरूर करावे, मात्र आपल्या नावाने.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. बेरीज तपासणे हे मुद्रितशोधकाचे काम झाले. निष्कर्ष पुराव्याला पेलतो का आणि तो खरोखर नवा आहे का, हे सांगायला त्या विषयात काही वर्षे मुरावे लागते. शिवाय बहुतेक प्रकाशक परीक्षकाला मानधन देत नाहीत. ज्याचा स्वतःचा प्रबंध रखडला आहे, त्याने ही वेठबिगारी का पत्करावी?

प्रतिसाद २ : मुरलेल्यांची गोष्टही ऐका. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने एका शोधनिबंधात मुद्दाम ८ उणिवा पेरून तो आपल्या परीक्षकांकडे पाठवला होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात परीक्षकांनी सरासरी दोनच उणिवा दाखवल्या. ४८ आणि ४६ मधला फरकही मुद्रितशोधनाचा नव्हे, कारण वगळलेले दोन नमुनेच निष्कर्षाच्या विरोधात जाणारे असू शकतात.

प्रतिसाद ३ : काही काळ संपादन केले असल्याने वेगळा मुद्दा मांडतो. अप्रकाशित हस्तलिखित विश्वासाने दिलेले असते. संशोधन प्रकाशनातील नीतिनियमांसाठी काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की जर्नलच्या परवानगीशिवाय परीक्षणात दुसऱ्या कोणाला सामील करू नये. चूक विद्यार्थिनीची नाही, पण मार्गदर्शकांनी संपादकांना आधी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. बहुतेक संपादक अशी परवानगी देतात, कारण मुदतीत काम करणारे परीक्षक मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आलेले असतात.

धागाकर्ती : हा नियम मला ठाऊक नव्हता. अभिप्राय अजून पाठवलेला नाही, त्यामुळे मार्गदर्शकांशी आजच बोलते, जरी ते बोलणे अवघड जाणार असले तरी.

प्रतिसाद १ : अवश्य बोला. नाव लागल्याने मानधन मिळत नाही, हे मात्र मी पुन्हा म्हणेन.